राष्ट्रपती आल्या

मराठीत ‘राष्ट्रपती आल्या’ एवढं म्हटलं की काम भागतं. येणारी व्यक्ती बाई आहे हे क्रियापद सांगतं, ती मानाची आहे हेही तेच क्रियापद सांगतं (‘आली’ नव्हे, ‘आल्या’), आणि पदाचं नाव होतं तसं राहतं. भाषेने ही सोय आपल्याला फुकट दिलेली आहे. तरीही २००७ पासून दर काही वर्षांनी कुणाला तरी प्रश्न पडतो, की बाईला ‘पती’ कसं म्हणायचं?

जुलै २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच रंगला, कारण बाई आपल्या जळगावच्या. चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत सगळे व्याकरणकार झाले होते. कुणी ‘राष्ट्राध्यक्षा’ सुचवत होतं, कुणी ‘राष्ट्रमाता’, आणि ‘राष्ट्रपत्नी’ हा विनोद तर आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं समजून जो तो सांगत होता. मी तेव्हा आमच्या संस्कृतच्या गुरुजींना विचारलं होतं. ते निवृत्त झालेले, ऐकायला कमी येणारे. प्रश्न दोनदा ओरडून सांगावा लागला. ते म्हणाले, “अरे, सभापती बाई असते तेव्हा तुम्ही काय म्हणता?” मी म्हटलं, “सभापतीच म्हणतो.” “मग झालं की,” म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

पंचायत समितीच्या सभापती म्हणून महाराष्ट्रात बायका कितीतरी वर्षं काम करत आहेत. ‘सभापत्नी’ असा शब्द आजवर कुणी काढला नाही. सेनापती म्हणजे सैन्याचा नवरा असं कुणाच्या मनात येत नाही. आणि लखपती? केंद्र सरकारची बचत गटांतल्या बायकांसाठी ‘लखपती दीदी’ नावाची योजना आहे. २५ ऑगस्ट २०२४ रोजी तिचा मोठा मेळावा पंतप्रधानांच्या उपस्थितीत भरला तो जळगावातच. ज्या जिल्ह्यातल्या बाईंना ‘पती’ म्हणावं की नाही यावर सतरा वर्षांपूर्वी शाईच्या दौती रिकाम्या झाल्या, त्याच जिल्ह्यात मांडवभर बायका ‘लखपती’ म्हणून बसल्या होत्या आणि एकाही पंडिताच्या कपाळावर आठी उमटली नाही. लाख रुपयांचं पती होता येतं, राष्ट्राचं होता येत नाही, असा काही नियम असेल तर तो व्याकरणात मला तरी सापडलेला नाही.

व्याकरणात उलट काही वेगळंच आहे. नंतर एकदा गुरुजींनी ते नीट उलगडून दाखवलं. पाणिनीच्या चौथ्या अध्यायात ‘पत्युर्नो यज्ञसंयोगे’ असं सूत्र आहे. यज्ञात नवऱ्याबरोबरीने बसते ती पत्नी. आणि लगेच पुढचं सूत्र आहे ‘विभाषा सपूर्वस्य’. म्हणजे ‘पति’ शब्दाच्या आधी दुसरा शब्द जोडलेला असेल तर स्त्रीलिंगी रूप विकल्पाने होतं. बाई गृहपती असू शकते, गृहपत्नीही असू शकते, दोन्ही शुद्ध. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात नव्या नवरीला ‘गृहपत्नी हो’ म्हणतात तेव्हा घराची बायको हो असं म्हणत नाहीत, घराची धनीण हो असं म्हणतात; त्याच ओळीत पुढे ‘वशिनी’ हा शब्द आहे, सगळं जिच्या ताब्यात ती. तेव्हा पाणिनीच्या दरबारात ‘राष्ट्रपत्नी’ हा शब्द उभा राहिला असता तर त्याला हाकललं नसतं. हाकलतो आपण, कारण आपल्या कानाला आज ‘पत्नी’ म्हणजे फक्त बायको ऐकू येते, आणि आपल्या कानापुढे पाणिनीचं काही चालत नाही. चालूही नये.

हे २०२२ मध्ये नीट दिसलं. द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलैला शपथ घेतली आणि दोनच दिवसांनी लोकसभेतले काँग्रेसचे नेते अधीर रंजन चौधरी यांच्या तोंडून ‘राष्ट्रपत्नी’ असा शब्द गेला. संसद बंद पडली, माफीच्या मागण्या झाल्या, शेवटी त्यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून जीभ घसरल्याचं सांगितलं आणि माफी मागितली. मी बंगाली आहे, हिंदी नीट येत नाही, हाही त्यांचा एक बचाव होता. बंगालीत क्रियापदाला लिंग नसतं, नामांनाही व्याकरणातलं लिंग नसल्यात जमा. तिथला माणूस हिंदीत आला की गाडी कधी ‘आला’ होते आणि पाणी कधी ‘आली’ होतं. पण त्यांचा हेतू काय होता या वादात मला जायचं नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या शब्दाने दुखावलं जाणं खोटं नव्हतं. देशाच्या सर्वोच्च पदावरच्या, आदिवासी समाजातून आलेल्या पहिल्या बाईचं पद तिच्या बाईपणाशी जोडून दाखवलं गेलं, आणि ते जोडताना नात्याचा शब्द आला. पदाचं नाव माणसाकडे पाहून वळवायला गेलं की असंच काहीतरी होतं.

मुळात हा शब्द आला कुठून? आज आपण समजतो तसा तो संविधानाबरोबर जन्माला आलेला नाही. १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अध्यक्षालाच ‘राष्ट्रपती’ म्हणत. देश अजून आपला नव्हता, पण ज्या पक्षाच्या अधिवेशनाला देशभरातून लोक येत त्याचा अध्यक्ष तो राष्ट्राचा पती, असा त्यामागचा अभिमान. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये ‘राष्ट्रपती’ या नावाचा एक लेख ‘चाणक्य’ या टोपणनावाने छापून आला. जवाहरलाल नेहरूंच्या जयजयकारात वाहून जाऊ नका, या माणसात हुकूमशहा होण्याचा सगळा ऐवज आहे, असा त्याचा सूर होता. लेखक पुढे कळला, खुद्द नेहरू. आपल्याच नावाचा गजर ऐकून धास्तावलेला आणि ती धास्ती टोपणनावाने का होईना छापणारा पुढारी आज शोधून आणा. मला या लेखातलं भावतं ते एवढंच, की ज्याला ‘राष्ट्रपती’ म्हणत होते त्यालाच त्या शब्दातलं ‘पती’पण बोचलं होतं, आणि ते नवरेपण नव्हतं, मालकपण होतं.

तरी १९४७ मध्ये संविधान सभेच्या समितीने संघराज्याच्या प्रमुखाचं नाव सुचवलं ते ‘प्रेसिडेंट’, आणि कंसात ‘राष्ट्रपती’. पक्षाच्या मांडवातला शब्द असा देशाच्या कारभारात आला. येताना मात्र त्याचे दात काढले गेले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अगदी स्पष्ट सांगितलं, की हा राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा. राज्याचा प्रमुख, पण कार्यकारी सत्तेचा नव्हे. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करत नाही. राष्ट्राचे निर्णय ज्या मोहोरेने जाहीर होतात त्या मोहोरेवरची ती एक शोभेची खूण आहे. नाव ‘राष्ट्राचा स्वामी’ आणि काम मोहोरेवरच्या चिन्हाचं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक असल्याचं लिहूनच टाकलं.

महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही. नाव एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे हा खेळ आपण अठराव्या शतकात पुरेपूर पाहिलेला आहे. छत्रपतींची गादी साताऱ्याला, सत्ता पुण्याला. तरी प्रत्येक नव्या पेशव्याला वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. त्याच्या आधीच्या शतकातली आणखी एक गोष्ट या वादात मला नेहमी आठवते. राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी फारसी पदनामं काढून संस्कृत आणली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती. महाराजांची आज्ञा, यापेक्षा मोठा शासन निर्णय कुठला? पण पुढच्या शंभर वर्षांत लोकांच्या तोंडी काय राहिलं? पेशवाच. कागदोपत्री ‘पंतप्रधान’ होतं, बोलण्यात पेशवे. आणि मग काळाची गंमत अशी, की पेशवे गेल्यावर तो कपाटात पडलेला ‘पंतप्रधान’ मराठीने बाहेर काढला आणि दिल्लीच्या प्रधानमंत्र्याला देऊन टाकला. सगळा हिंदी मुलूख ‘प्रधानमंत्री’ म्हणतो, आपण एकटे ‘पंतप्रधान’. ‘पंत’ हा शब्द ज्या काळातून आणि ज्या समाजातून आला त्याचा आजच्या पदाशी काडीचा संबंध नाही. १९६६ मध्ये इंदिरा गांधी ‘पंतप्रधान’ झाल्या तेव्हा ‘बाईला पंत कसं म्हणायचं’ हा प्रश्न मराठी माणसाला पडायला हवा होता, कारण तो ‘पती’पेक्षा अवघड आहे. पडला नाही. शब्द वापराने इतका गुळगुळीत झाला होता, की आत पंत बसलेले आहेत हे कुणाला दिसलंच नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मला एक तरुण मैत्रीण म्हणाली, “तुम्ही सगळे व्युत्पत्ती सांगता. पण शाळेतल्या मुलीला ‘पती’ म्हणजे काय ते घरात रोज दिसतं. तिला देशाच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवरही तोच शब्द लिहिलेला दिसला तर ती काय समजेल?” याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ‘पती’ मुळात धनी या अर्थाचा शब्द. ग्रीक ‘देस्पोतेस’ आणि त्यातून आलेला इंग्रजी ‘डेस्पॉट’ हे आपल्या ‘दंपती’चे लांबचे भाऊबंद आहेत असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. घराचा धनी म्हणजे नवरा, म्हणून नवऱ्याला पती. तो शब्द प्रजासत्ताकाच्या प्रमुखाला द्यायला नको होता, हे मी मान्य करतो. १९४७ मध्ये मला कुणी विचारलं असतं (विचारायचं काही कारण नव्हतं) तर मी दुसरा मागितला असता. तमिळ भाषेने तसं केलं. तिथे राष्ट्रपतीला ‘कुडियरसु तलैवर’ म्हणतात, प्रजासत्ताकाचा प्रमुख. साधा, नेमका, आणि त्यात कुणाची मालकी नाही.

मग मराठीत ‘राष्ट्राध्यक्ष’ का नको? मराठी वर्तमानपत्रं तो शब्द वापरतातच, पण परदेशासाठी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, रशियाचे राष्ट्राध्यक्ष, भारताचे राष्ट्रपती. हिंदीत हा भेद नाही, तिथे ट्रम्पही राष्ट्रपती आणि पुतिनही राष्ट्रपती. मराठीने तो केला आणि नकळत त्यात एक शहाणपणही आलं: ज्याच्या हाती खरी सत्ता तो राष्ट्राध्यक्ष, मोहोरेवरचा तो राष्ट्रपती. अर्थात हे शहाणपण पुरतं टिकत नाही. जर्मनीचा प्रमुख आपल्या राष्ट्रपतीइतकाच शोभेचा, पण त्यालाही आपण अध्यक्षच म्हणतो. ही सवय आहे, सिद्धांत नाही.

शिवाय ‘अध्यक्ष’ हा शब्द आपल्याला वाटतो तितका सोवळा नाही. कौटिल्याच्या राज्यात अध्यक्षांचा सुळसुळाट होता. बाजाराचा अध्यक्ष, खाटीकखान्याचा अध्यक्ष, गणिकांचा अध्यक्ष, दारूचा अध्यक्ष. आजच्या भाषेत सगळे खातेप्रमुख, काही तर नुसते निरीक्षक. त्या सुराध्यक्षाचा शब्द आज विधानसभेच्या अध्यक्षांना चालतो, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना चालतो, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांनाही चालतो. आणि तेलुगूत तर आणखी मौज आहे. तिथे ‘राष्ट्रम्’ म्हणजे देश नव्हे, राज्य; आंध्र हे एक राष्ट्रम्, तेलंगण दुसरं. शब्दशः पाहिलं तर तेलुगू माणसाचा ‘राष्ट्रपती’ फक्त एका राज्याचा धनी व्हायला हवा. पण तो दिल्लीतच राहतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

म्हणून मी ‘राष्ट्रपती’ बदलायच्या बाजूचा नाही. पदाचं नाव हे खुर्चीचं नाव आहे. बसणारा बदलला म्हणून खुर्चीला नवं नाव देत बसलो तर दरवेळी आपण खुर्चीकडे नाही, बसणाऱ्याच्या शरीराकडे पाहत राहू. १९६२ मध्ये विजयालक्ष्मी पंडित महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, तेव्हा ‘राज्यपालिका’ नाही झाल्या. १९५६ मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. महापौर हा सावरकरांनी रुळवलेला शब्द तसाच राहिला. गोव्यात १९७३ ते १९७९ शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या. लोकांनी ‘ताई’ म्हटलं ते प्रेमाने, पण सहीखाली मुख्यमंत्रीच. नेपाळमध्ये विद्यादेवी भंडारी २०१५ ते २०२३ ‘राष्ट्रपति’च होत्या. ‘नगरसेविका’, ‘प्राध्यापिका’, ‘अध्यक्षा’ ही रूपं मराठीत आहेत आणि ती बोलण्यात सहज येतात तिथे येऊ द्या, मी काही लाल शाई घेऊन बसलेलो नाही. पण नियम करायचाच असेल तर पद एक, क्रियापद दोन. राष्ट्रपती आले, राष्ट्रपती आल्या.

खरवडायचं असेलच तर त्या शब्दाच्या आजूबाजूचा मुलामा खरवडावा, असं माझं म्हणणं आहे. तिकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

हा मुलामा काही फक्त आपला रोग नाही. १७८९ मध्ये अमेरिकेत पहिला अध्यक्ष निवडून आला तेव्हा त्याला हाक कशी मारायची यावर तिथल्या सिनेटमध्ये मोठा खल झाला. उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांना भारदस्त काहीतरी हवं होतं. सिनेटच्या समितीने सुचवलेलं नाव असं: ‘अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्यांचे रक्षक, महाराज’. खालच्या सभागृहाने ते उडवून लावलं, आणि ‘मिस्टर प्रेसिडेंट’ उरलं. अंगाने भरलेल्या ॲडम्सना विरोधकांनी ‘हिज रोटंडिटी’ म्हणून घेतलं, आपण ‘श्रीमान वाटोळे’ म्हणू या. राजाशी लढून नुकत्याच मोकळ्या झालेल्या लोकांना राजाचीच बिरुदं हवीशी वाटत होती, आणि त्यांना वेळेवर हसणारं कुणीतरी होतं.

आपल्याकडे हसायला बासष्ट वर्षं लागली. संविधानाच्या १८व्या अनुच्छेदाने सरकारने किताब देणं बंद केलं. रावबहादूर, रावसाहेब, सर हे सगळे इतिहासात गेले. ‘भारतरत्न’ आणि ‘पद्म’ हे किताब नव्हेत, सन्मान आहेत, पण ते नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. (लावतात. लग्नपत्रिकेतही लावतात.) पण राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या आधीचं ‘महामहिम’, म्हणजे व्हाइसरॉयच्या काळातल्या ‘हिज एक्सलन्सी’चा हा संस्कृत सदरा, अंगावर तसाच राहिला. तो काढला प्रणब मुखर्जींनी. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती भवनाने नवे संकेत जाहीर केले: देशातल्या देशात ‘महामहिम’ नको, ‘राष्ट्रपती महोदय’ म्हणा; ‘एक्सलन्सी’ परदेशी पाहुण्यांशी बोलताना, कारण तिथे तो जगाचा रिवाज आहे; नावाआधी ‘श्री’ किंवा ‘श्रीमती’ पुरे. या निर्णयाचं मला फार कौतुक वाटतं. त्यासाठी घटनादुरुस्ती लागली नाही की आंदोलन लागलं नाही. स्वतः खुर्चीवर बसलेल्या माणसाने आपला एक अलंकार उतरवला. तरी आजही एखाद्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला जा, सूत्रसंचालकाच्या तोंडून ‘महामहिम’ निघाल्याशिवाय राज्यपाल व्यासपीठावर चढू शकत नाहीत. गुळगुळीत झालेला शब्द सोडायचा असेल तर तो देणाऱ्यांनाच सोडावा लागतो, आणि देणारे सोडायला तयार नसतात.

या बाबतीत मराठी मुलखाचा हात कुणी धरू शकणार नाही. सरकारी कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका हा आपला स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. ‘मा. ना. श्री. अमुक तमुक साहेब’. यातलं ‘मा.’ माननीय, ‘ना.’ नामदार, मग श्री, आणि शेवटी साहेब. ‘नामदार’ कुठून आलं? इंग्रजी अमलात कायदेमंडळाच्या सभासदाला ‘ऑनरेबल’ म्हणत, त्याचं हे मराठी. नामदार गोखले त्यातले. म्हणजे ‘माननीय’ आणि ‘नामदार’ हे एकाच इंग्रजी शब्दाचे दोन अनुवाद आहेत आणि आपण दोन्ही एकावर एक घालतो, थंडीत दोन स्वेटर घातल्यासारखे. तालुक्याच्या कोर्टात अजून अर्जाच्या माथ्यावर ‘मे.’ लिहितात. हे मेहेरबान. हक्काचा न्याय मागायला गेलेला माणूस पहिल्याच ओळीत मेहेरबानी मागतो. या सगळ्याचा बंदोबस्त पाहणाऱ्या खात्याचं नाव ‘राजशिष्टाचार’. राजपथाचा २०२२ मध्ये कर्तव्यपथ झाला, २०२५ च्या अखेरीस राजभवनांची लोकभवनं झाली, राजशिष्टाचारातला राजा तेवढा आरामात आहे.

प्रणबबाबूंच्या त्या संकेतांतही एक खोच राहिली, आणि ती खास मराठी कानाला टोचते. ‘श्री’ पुरुषाला, ‘श्रीमती’ बाईला. हिंदीत ‘श्रीमती’ म्हणजे विवाहित स्त्री. मराठीत रूढ अर्थ उलटा: नवरा असेल तर ‘सौ.’, नसेल तर ‘श्रीमती’. पुरुषाच्या ‘श्री’वरून त्याची बायको जिवंत आहे की नाही हे कळायची सोय नाही, बाईच्या नावाआधीच्या दोन अक्षरांत तिच्या घरची बातमी लिहिलेली. ‘राष्ट्रपती’तल्या ‘पती’वर वाद घालणाऱ्या कुणालाही हा ‘सौ.’मधला पती दिसला नाही, हे मला अजून उमगत नाही. तो त्या शब्दात पुरा जिवंत आहे; ‘राष्ट्रपती’तला केव्हाच मेलेला आहे.

प्रतिभाताईंच्या वेळी आणखी एक अडचण आली होती. राष्ट्रपतीच्या बायकोला ‘प्रथम महिला’ म्हणतात, मग नवऱ्याला काय? देवीसिंह शेखावत हे अमरावतीचे माजी महापौर, शिक्षणसंस्थेत आयुष्य घातलेले. काही जणांनी ‘प्रथम पुरुष’ लिहिलं, आणि मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ‘मी, आम्ही’ आठवलं. शेखावतांनी पाच वर्षं ‘मी’पण काही दाखवलं नाही. राष्ट्रपती भवनात राष्ट्रपतींचा पती होता, आणि तो मागच्या खुर्चीवर शांत बसला होता.

दिल्लीपासून दूर, ग्रामपंचायतीत, असं नाही. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये एकूण जागांपैकी निम्म्या त्यांच्यासाठी ठेवल्या. त्याबरोबर मराठीत एक नवा शब्द जन्मला, तो कुठल्याही समितीने सुचवला नाही, कुठल्याही पंडिताने त्याची फोड केली नाही: सरपंचपती. शहरात तोच नगरसेवकपती. या शब्दातला पती रूपक नाही. तो पांढरा सदरा घालून सरपंचाच्या खुर्चीवर बसतो, फोन घेतो, ठेकेदाराशी बोलतो, आणि ‘मॅडम’ घरी आहेत असं सांगतो. हे इतकं सर्रास झालं, की केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला २०२३ मध्ये याच प्रश्नावर समिती नेमावी लागली. ‘राष्ट्रपत्नी’वरून संसद बंद पाडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या किती खासदारांच्या मतदारसंघात किती सरपंचपती आहेत, हे त्यांनी एकदा मोजून पाहावं.

यावर कुणी म्हणेल, पती बसतो तो पितृसत्तेने, शब्दाने नव्हे. शब्द बदलून तो उठणार आहे का? नाही उठणार. पण जिथे शब्द नुसता ओळख म्हणून राहिलेला आहे तिथे त्याच्यावर तुटून पडायचं, आणि जिथे तो रोज उघडपणे काम करतोय तिथे त्याला हार घालायचा, हे कुठलं धोरण? ‘सरपंचपती’ हा शब्द मी फ्लेक्सवर छापलेला पाहिला आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली फोटो, ‘सरपंचपती श्री.’ अमुक. तो मिरवायचा शब्द झालेला आहे. त्याला पद समजणाऱ्या ग्रामसेवकाने, तलाठ्याने, बीडीओने आणि पत्रिका छापणाऱ्याने तो निव्वळ वापरला नाही, तरी त्या खुर्चीचा एक पाय डगमगेल.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयाचा कार्यक्रम होता. पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे आला. अध्यक्षस्थानी सरपंच; बाई, दुसऱ्यांदा निवडून आलेल्या. आधीच्या मसुद्यात त्यांच्या नावाआधी ‘मा.’ आणि ‘सौ.’ होतं, नावात नवऱ्याचं नाव होतं, आणि खाली वेगळ्या ओळीत ‘प्रमुख उपस्थिती: सरपंचपती’. मी बाईंना फोन केला. म्हटलं, “नुसतं तुमचं नाव आणि सरपंच एवढंच ठेवू का?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ठेवा. पण ह्यांना पत्रिका द्यायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.” मी तसा मजकूर लिहून छापखान्यात दिला. तिसऱ्या दिवशी दोनशे पत्रिका आल्या. सरपंचपतींची ओळ गेली होती. बाईंच्या नावाआधी ‘सौ.’ मात्र होतं. छापणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “तुम्ही विसरला होता सर, मीच घातलं.” कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. तशाच वाटल्या.